दोन तोंडांच्या फलकाची तिसरी बातमी

मी एक जुना अक्षरफलक आहे, मित्रांनो, आणि मला दोन तोंडं आहेत. आता लगेच एकमेकांना कोपरखळ्या मारू नका. दुतोंडी माणूस आणि दुतोंडी फलक यांत मोठा फरक असतो. माणूस आपलं दुसरं तोंड लपवून ठेवतो. माझी दोन्ही तोंडं एका देशाने वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी घरात बसून पाहिली आहेत.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. खरं तर मी एका दवाखान्यासाठी होतो. डॉक्टरांची नावं आणि त्यांच्या वेळा अंगावर मिरवाव्यात, एवढीच माझ्या जन्मदात्याची अपेक्षा होती. पण त्याने माप घेतलं ते दवाखान्याच्या भिंतीचं. दाराचं घ्यायचं राहून गेलं. मला आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, पण मी काही आत शिरेना. शेवटी सुतार कपाळाला हात लावून पायरीवर बसला. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या इमारतीतून एक बाई चष्मा पुसत आल्या. माझ्या काळ्या कापडावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडचं दार हत्ती जाईल एवढं आहे. आम्हाला देता का?"

ती इमारत होती देशाच्या सरकारी टीव्हीची, आणि त्या बाईंचं काम होतं ठळक बातम्या लावण्याचं. लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन.

तुम्हाला खोटं वाटेल, पण तेव्हा पडद्यावरची अक्षरं संगणक काढत नसे. माझ्या काळ्या कापडाला आडव्या खाचा आहेत. त्या खाचांत पांढरी प्लॅस्टिकची अक्षरं अंगठ्याने दाबून बसवायची, कॅमेऱ्याने ती दाखवायची आणि बातम्या वाचणाऱ्याने ती मोठ्याने वाचायची. ताईंनी सुताराकडून मला उभ्या दांड्यावर बसवून घेतलं, म्हणजे मला गर्रकन फिरता यावं. माझं एक तोंड कॅमेऱ्याकडे असे. दुसऱ्या तोंडावर, माझ्या पाठीआड उभ्या राहून, ताई पुढची बातमी लावत. वाचणारा श्वास घ्यायला थांबला की त्या मला फिरवत. दांडा कुरकुरू नये म्हणून रोज त्याला तेलाचा थेंब मिळे. असे लाड तुमच्यापैकी किती जणांचे झाले असतील?

ते दिवस फार चांगले होते. कुठे पाऊस पडला, कुठला रस्ता बंद झाला, कोणता संघ जिंकला, सगळं माझ्या अंगावर लागे. एकदा हरवलेल्या एका आजोबांचं वर्णन माझ्यावर लागलं: करडा कोट, एका पायात चप्पल नाही. बातम्या संपायच्या आत कुणीतरी आजोबांना हाताला धरून पोलीस चौकीत आणलं. त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी पेढीवर रजा टाकून स्टुडिओत आली आणि ताईंचे आभार मानता मानता मलाही थोपटून गेली. "फलकावर लागलं म्हणजे खरं" असं लोक म्हणत. मित्रांनो, माझ्या चौकटीला तेव्हा वाळवी सोडा, धूळसुद्धा शिवत नव्हती.

मग शेजारच्या देशाशी युद्ध सुरू झालं. पण तो शब्द माझ्या अंगावर एकदाही लागला नाही.

बातमी विभागाचे मोठे साहेब कानावर पेन्सिल खोचून आले आणि म्हणाले, "युद्ध म्हणायचं नाही. मोहीम म्हणायचं."

"साहेब, माझी बहीण नदीकाठी राहते," ताई म्हणाल्या. "शाळेत शिकवते. तोफा सुरू झाल्या की ती पोरांना घेऊन तळघरात बसते. ती काय मोहिमेवर गेलीय म्हणायचं?"

"ताई, तुम्ही अक्षरं लावा. शब्दांचं मी बघतो."

आणि साहेबांनी शब्दांचं असं काही बघितलं की विचारू नका. आपण हल्ला करत नसू, आपण "चोख उत्तर" देत असू. हल्ला करायचे ते, आणि तोही "भ्याड". त्यांचं विमान आपण "टिपलं", आपलं मात्र "तळावर परतलं नाही", जणू बाजारात रमलं. त्यांच्या बाँबने घरं उद्ध्वस्त होत. आपल्या बाँबच्या वेळी मात्र घरं आपली आपणच कोसळत. त्यांची माणसं मेली तर "दाणादाण", आपली मेली तर नुकसान "नगण्य". माघार तर आपण कधी घेतलीच नाही. आपण "फेरमांडणी" करत असू. अशी फेरमांडणी करत करत आपल्या फौजा बऱ्याच मागे आल्या होत्या, पण नकाशा दाखवायची पद्धत आमच्याकडे तोवर बंद झाली होती.

रोज तेच ते शब्द लागतात हे पाहून साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. प्लॅस्टिकच्या अखंड पट्ट्या करून घ्यायच्या. एका पट्टीवर "दणदणीत विजय", एकीवर "भ्याड हल्ला", एकीवर "यशस्वी फेरमांडणी", एकीवर "नुकसान नगण्य". त्या पट्ट्यांची एक निळी पेटी आली आणि सुटी अक्षरं खालच्या खणात गेली. आता ताईंना अंगठा दुखेपर्यंत अक्षरं दाबायची गरज उरली नाही. उचलली पट्टी, लावली फलकाला. जीभ टाळ्याला लावायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागत असेल.

या पट्ट्यांनी एक गंमतही केली. एकदा माझ्यावर "तीन ठाणी काबीज" असं लागलं होतं आणि वाचणाऱ्याच्या कागदावर होती पाच. त्याने पाच वाचली. देशभर लोकांनी डोळ्यांनी तीन पाहिली, कानांनी पाच ऐकली आणि कुजबुज सुरू झाली. साहेब संतापले. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला: "यापुढे कागदाकडे बघायचं नाही. फलकावर जे दिसेल तेच वाचायचं, अक्षराचा फरक न करता!"

बातम्या वाचणारे गृहस्थ फार आज्ञाधारक होते. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, आणि समोर ठेवलेलं न अडखळता वाचायची सवय, म्हणून स्टुडिओत त्यांना पोपटराव म्हणत. त्यांच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत, आणि ते हसून घेत. त्यांनी मान डोलावली. "जे दिसेल ते वाचेन, साहेब."

हा नियम तुम्ही लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

आमच्या फाटकावर एक चौकीदार होता. मोठा बोलका माणूस. रोज बातम्या सुरू व्हायच्या आधी स्टुडिओच्या दारात येऊन ताईंची खुशाली विचारायचा. एक दिवस आला तो गप्पच. माझ्या अंगावर "नुकसान नगण्य" ही पट्टी लागली होती. ती त्याने सावकाश वाचली.

"ताई, नगण्य म्हणजे किती हो?"

"नगण्य म्हणजे..." ताईंना अंदाज आला होता, पण आता मागे फिरता येईना. "म्हणजे मोजण्यासारखं नाही."

"माझ्या बहिणीचा एकुलता एक होता," चौकीदार म्हणाला. "काल कळलं. तो मोजण्यासारखा नव्हता होय?"

तो फाटकावर परत गेला. ताईंनी ती पट्टी माझ्यावरून काढली आणि बराच वेळ हातात धरली. मग बातम्यांची वेळ झाली आणि ती पुन्हा लावावी लागली. मी लाकडाचा आहे मित्रांनो, पण त्या संध्याकाळी मला ती पट्टी टोचली.

नंतर लवकरच आमचा दाढीवाला कॅमेरामन नदीवरून परत आला. केंद्र लहान होतं. तो कधी स्टुडिओत कॅमेरा चालवी, कधी रणभूमीवर. तो आला तो दाढीत माती घेऊन. साहेबांनी त्याची फिल्म कपाटात बंद करून किल्ली खिशात टाकली. त्याने चहाचा कप हातात घेतला आणि ताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

"पूल गेला, ताई."

"कुठला पूल?"

"नदीवरचा. आपली पोरं पोहून अलीकडे आली. उद्या नाहीतर परवा ते नदी ओलांडणार. आणि ओलांडली की समोर गावच आहे."

ताईंच्या हातातल्या पट्ट्या खाली सांडल्या. नदीसमोरचं ते गाव म्हणजे त्यांच्या बहिणीचं गाव.

स्टुडिओच्या भिंतीवर एक फोन होता. ताईंनी नंबर फिरवला. त्यांची थोरली बहीण शाळेची मुख्याध्यापिका. पन्नास पोरांचा गोंगाट एका हाकेत गप्प करणारा तिचा आवाज रिसीव्हरमध्ये मावत नसे. तो माझ्यापर्यंत लख्ख ऐकू येई.

"अक्का, ऐक. पूल गेला. आजच्या आज तिथून निघा."

"कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या कॅमेरावाल्याने डोळ्यांनी बघितलंय."

"मग टीव्हीवर का नाही सांगत? काल तर तूच लावलंस, पूल भक्कम म्हणून. तुझा हात ओळखते मी, धाकटे. तुझी ओळ उजवीकडे चढते."

ताईंनी फोनची तार बोटाला गुंडाळली.

"हे बघ," अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज जरा उतरला, "मी एकटी असते तर आत्ता पिशवी उचलली असती. पण रोज सकाळी पोरांचे आईबाप फाटकाशी उभे असतात. बाई, राहायचं का जायचं? इथल्या अंमलदाराने लाऊडस्पीकर फिरवलाय, अफवा पसरवेल त्याला आत टाकू म्हणून. मी कुणाच्या जोरावर सांगू? सगळं गाव टीव्हीकडे डोळे लावून बसलंय. टीव्हीने निघा म्हटलं तर तासाभरात उठतील. नाहीतर ब्रह्मदेव आला तरी उठायचे नाहीत. तू टीव्हीत आहेस ना? मग तिथून सांग."

आणि फोन कटला. ताईंनी पुन्हा फिरवला. पुन्हा फिरवला. तारा तुटल्या असाव्यात. पलीकडून नुसती खरखर येत राहिली.

त्या संध्याकाळच्या बातम्यांची माझी आठवण अजून ताजी आहे. साहेबांची पद्धत अशी होती: पहिली बातमी माझ्या एका तोंडावर, दुसरी दुसऱ्या तोंडावर, आणि या दोन्ही ते बातम्या सुरू होण्याआधी आपल्या खोलीतल्या पडद्यावर तपासून घेत. तिसरी बातमी तपासता येत नसे, कारण ती लावायला माझं तोंड मोकळं व्हावं लागे, आणि तोवर बातम्या सुरू झालेल्या असत. तिसरीपासून पुढचा कारभार ताईंच्या भरवशावर चाले. त्या दिवशी तिसरी बातमी होती: "नदीकाठी यशस्वी फेरमांडणी."

पहिली बातमी पोपटरावांनी वाचली. ताईंनी मला फिरवलं. दुसरी बातमी सुरू झाली. कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्या पुढच्या तोंडाकडे होता, आणि मागच्या तोंडावर ताईंचे हात आले. निळ्या पेटीकडे ते गेलेच नाहीत. त्यांनी खालचा खण ओढला.

कितीतरी दिवसांनी माझ्या खाचांत सुटं अक्षर शिरलं. "प". मग "ल". धुळीने माखलेली, कोपरे झडलेली अक्षरं, पण त्यांची बोटं ती अचूक काढत होती. आवाज होऊ नये म्हणून त्या श्वाससुद्धा रोखून अक्षरं दाबत होत्या. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत "डोंगरवाटेने" हा शब्द होता आणि डोंगरावरचं टिंब सापडेना! टिंब हे सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत नाठाळ अक्षर. खणाच्या कुठल्या कोपऱ्यात दडलं होतं कुणास ठाऊक. पोपटरावांची दुसरी बातमी संपत आली होती. ताईंनी क्षणभर खणात बोटं फिरवली, मग आपल्या कॉलरला टोचलेली पांढऱ्या डोक्याची टाचणी उपसली आणि माझ्या छातीत खुपसली. डोंगराला टिंब मिळालं.

आणि त्यांनी मला फिरवलं.

पूल गेला
नदीकाठ सोडा
डोंगरवाटेने निघा

ओळी उजवीकडे चढल्या होत्या. माझा दांडा त्या दिवशी जराही कुरकुरला नाही, एवढं श्रेय मला द्या.

दाढीवाला कॅमेऱ्यामागे होता. त्याच्या कानातल्या यंत्रातून कुणीतरी किंचाळत होतं. त्याने ते यंत्र शांतपणे काढून गळ्यात अडकवलं आणि कॅमेरा आणखी जवळ आणला. वरच्या नियंत्रण खोलीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे मला मागाहून कळलं. चित्र बंद करायचं बटण समोरच होतं, पण साहेबांच्या हुकुमाशिवाय ते दाबायची कुणाची टाप नव्हती. इतकी वर्षं साहेबांनी लोकांना तेच शिकवलं होतं. आणि साहेब? पहिल्या दोन बातम्या तपासून ते निर्धास्त झाले होते आणि पडद्याकडे पाठ करून मंत्र्यांच्या कचेरीशी फोनवर बोलत होते.

राहिले पोपटराव. त्यांच्या हातातल्या कागदावर एक होतं आणि माझ्या अंगावर दुसरंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो गोड, स्वच्छ आवाज देशभर घुमला: "पूल गेला. नदीकाठ सोडा. डोंगरवाटेने निघा."

इथवर नियमाप्रमाणे झालं. आता त्यांनी पुढच्या बातमीकडे जायचं होतं. पण पोपटरावांनी हातातला कागद टेबलावर पालथा घातला, कॅमेऱ्यात बघितलं आणि तेच पुन्हा एकदा वाचलं. या वेळी सावकाश वाचलं, रस्ता ओलांडताना आपण लहान मुलाला सांगतो तसं.

त्यानंतर पडदा काळा झाला आणि साहेब धावत आले. पेन्सिल कानावरून पडली तेही त्यांना कळलं नाही.

"कुणी लावलं हे?"

"मी," ताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही ते वाचलंत?"

"फलकावर जे दिसेल तेच वाचायचं, साहेब. आपलाच नियम आहे," पोपटराव म्हणाले.

"दोनदा?"

पोपटरावांनी खाली पाहिलं. "दुसऱ्यांदा मात्र मी माझ्या मनाने वाचलं, साहेब."

मित्रांनो, त्या दिवसापासून स्टुडिओत त्यांना कुणी पोपटराव म्हटलं नाही. मीही आता म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशी सुरू झाली. साहेबांनी ताईंना माझ्यासमोर उभं केलं आणि कसं केलंत ते करून दाखवा म्हणाले. ताईंचा चेहरा पांढराफटक होता, पण तो नोकरीच्या भीतीने नव्हे. त्यांचं सगळं लक्ष भिंतीवरच्या फोनकडे होतं. गाव निघालं की नाही? वेळेत निघालं का? अक्का कुठे आहे? सकाळपासून कुणाला काही कळलं नव्हतं. साहेब बडतर्फीचा हुकूम सांगत होते आणि ताई नुसत्या "हो" म्हणत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला.

बातम्या वाचणारे जवळ होते. त्यांनी तो उचलला आणि कानाला न लावता हात लांब करून धरला, कारण लावायची गरजच नव्हती.

"हॅलो! धाकटे! आहेस का गं?"

ताई फोनकडे धावल्या.

"पोहोचलो गं, पोहोचलो! डोंगराच्या पलीकडे, वखारीतून बोलतेय! अख्खं गाव आलंय! तुमच्या त्या माणसाने दुसऱ्यांदा वाचलं ना, तेव्हा तर अंमलदारसुद्धा बायकोला हाक मारत सुटला! म्हातारी माणसं हातगाड्यांवर घातली, बाळं टोपल्यांत घातली, गाढवं, बकऱ्या, शिवणाची यंत्रं, सगळं घेऊन निघालो! मी हजेरी घेतली बघ. एकेक पोर मोजून घेतलं. एकही कमी नाही! ऐकतेस ना? एकही कमी नाही!"

फाटकावरचा चौकीदार कधी दारात येऊन उभा राहिला होता ते कुणाला कळलं नाही. "मोजलं," तो म्हणाला, "मोजलं बघा बाईंनी," आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"आणि हे बघ," अक्काचा आवाज आला, "तुमच्या साहेबांना गावाचा नमस्कार सांग! असं खरं सांगायला छाती लागते म्हणावं! इथे सगळे त्यांचं नाव काढतायत!"

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ते हळूच स्टुलावर बसले. दाढीवाल्याने ताईंना दोन्ही हातांनी उचलून गर्रकन फिरवलं, आणि ताई एका डोळ्याने हसत, एका डोळ्याने रडत ओरडत होत्या, "अरे, चष्मा, माझा चष्मा!" गोड गळ्याचे गृहस्थ टेबलावर ताल धरू लागले. इतकी वर्षं मी त्या स्टुडिओत विजयाच्या पट्ट्या अंगावर वागवल्या होत्या. विजय दिसतो कसा, ते मी त्या दुपारी प्रथमच पाहिलं.

त्याच दुपारी रिकाम्या घरांवर तोफांचे गोळे पडले. कुणाच्या, ते आमच्या वाहिनीने सांगितलं नाही.

मग साहेबांना वरून फोन आला. साहेब उठून उभे राहिले. "होय साहेब... होय, गाव सुखरूप आहे... होय, वाहिनीची दक्षता... तर! आमच्याच सूचनेने... होय, तसंच म्हणतो." फोन ठेवून त्यांनी घाम पुसला आणि खाकरले. "ताई, ती बडतर्फी राहू द्या. आज संध्याकाळची पहिली बातमी घ्या: वाहिनीच्या दक्षतेचा दणदणीत विजय, गाव सुखरूप."

कळलं का मित्रांनो? बातमीला हवा तसा सदरा शिवायची त्यांना इतकी सवय झाली होती, की ताईंच्या गुन्ह्यालाही त्यांनी सदरा शिवला. आणि तो शिवल्यावर ताईंना शिक्षा कुठल्या तोंडाने करणार? चोराच्या हातानेच कुलूप लागलं होतं.

ताई पोट धरून हसल्या. "लावते की, साहेब. ती पट्टी आज पहिल्यांदाच खऱ्या बातमीला लागतेय. पण ही शेवटची. उद्यापासून निळी पेटी नको."

साहेबांनी दाढीवाल्याकडे पाहिलं, दारातल्या चौकीदाराकडे पाहिलं, आणि होकाराची मान हलवली.

साहेब एका दिवसात साधू झाले, असं मी म्हणणार नाही. त्यांची पेन्सिल पुढेही चालत राहिली. पण गावातली माणसं शहरात येऊन राहिली होती. ती रोज संध्याकाळी आमच्या इमारतीच्या दालनात टीव्हीसमोर येऊन बसत, आणि नदीकाठी काय घडलं ते त्यांना साहेबांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांच्यासमोर फेरमांडणी म्हणायला जीभ जरा जड होत असे. थोड्याच दिवसांत माझ्यावर प्रथमच गेलेल्या सैनिकांचा खरा आकडा लागला आणि प्रत्येकाचं नाव वाचलं गेलं. चौकीदार बहिणीला घेऊन आला होता. नाव आलं तेव्हा ती बाई उठून उभी राहिली, आणि तिच्याबरोबर सगळं दालन उभं राहिलं.

गाव शहरात आलं त्याच दिवशी अक्का स्टुडिओत आली होती, डोंगरवाटेची धूळ अंगावर घेऊनच. आधी तिने मला पाहिलं. ती बातमी ताईंनी माझ्या मागच्या तोंडावर तशीच ठेवली होती.

"ओळी वाकड्या लावल्यास," अक्का म्हणाली.

"घाईत लावल्या गं."

"तरी काय झालं? शिकवलं होतं तुला." आणि मग ती कडक बाई धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडली.

युद्ध संपलं. संगणक आले. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटू लागली, आणि मला तळघरात मोडक्या खुर्च्यांशेजारी ठेवण्यात आलं. तिथे मी किती वर्षं काढली ते विचारू नका. उंदरांनी माझ्या काळ्या कापडाचं एक टोक कुरतडलं, दांडा गंजला, अक्षरांच्या खणात कोळ्याने संसार थाटला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल; मी ती भोगली. ताई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. एक दिवस दोघी बहिणी काठ्या टेकत आल्या आणि मला ट्रकवर घालून नव्याने उभ्या राहिलेल्या गावात घेऊन गेल्या. तेव्हापासून मी त्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. दांड्याला पुन्हा रोज तेल मिळतं.

इथल्या बातम्या मुलं लावतात. उद्या पाणी येणार नाही. ग्रंथालयात नवी पुस्तकं आली. फळ्याचा खडू कुणी पळवला ते सापडलं.

मागच्याच आठवड्यात आपल्या शाळेचा फुटबॉलचा सामना झाला, डोंगरावरच्या शाळेशी. गोलरक्षक मुलगी गुडघे खरचटलेली, रागाने लालबुंद होऊन आली आणि माझ्यावर अक्षरं लावू लागली: "पंचांच्या चुकीमुळे आपल्या संघाची स्थिती..."

"किती गोल झाले गं?" मागून आवाज आला. म्हातारी अक्का खुर्चीत बसली होती. शेजारी ताई चष्मा पुसत होत्या.

मुलीने पायाने फरशी खरवडली. "चार-एक, आजी."

"चार कुणाचे?"

मुलीने एकेक अक्षर काढलं. पुन्हा खण ओढला. आणि लावलं: "डोंगरशाळेने आपल्याला हरवलं. चार-एक. सोमवारपासून सराव." डोंगरावरचं टिंब नेहमीप्रमाणे सापडेना. मग तिचं लक्ष माझ्या कोपऱ्यात टोचलेल्या पांढऱ्या डोक्याच्या टाचणीकडे गेलं. तिने ती उपसली आणि बरोबर जागी लावली. भोवती जमलेल्या मुलांनी बातमी वाचली. मग कुणीतरी ओरडलं, "पण तो एक गोल काय झाला होता!" आणि सगळी टाळ्या वाजवायला लागली.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला तेल द्या, माझी धूळ पुसा, उंदीर आला तर हाकला. पण त्याहून जास्त माझी सुटी अक्षरं सांभाळा. ती सगळी हाताशी असू द्या, हरल्याचीसुद्धा, चुकल्याचीसुद्धा. कोणतंही अक्षर खालच्या खणात पडून राहू देऊ नका, कारण नेमकं तेच कधीतरी कुणाला तरी वेळेवर डोंगरवाटेला लावणार असतं. सेनापतींच्या छातीवर पदकं असतात. माझ्या छातीवर एक टाचणी आहे, आणि ती अजून गंजलेली नाही.